एक जूनचा कैदी

आमच्या गावात सगळे एक जूनला जन्मले आहेत. मी, माझा थोरला भाऊ, आमच्या मागची आणि पुढची दोन्ही घरं, झाडून सगळे. हा चमत्कार गुरुजींचा. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहावं पुरं झालेलं असावं असा नियम, आणि पोराचा हात धरून आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "मोठा पूर आला व्हता बघा, त्याच्या मागल्या साली." गुरुजी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघायचे, सुस्कारा टाकायचे आणि दाखल्यात एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे त्यांनाच त्याची गंमत वाटायची. म्हणायचे, "या गावातली समदी पोरं माझ्या हातून एका दिवसात जन्माला आली, सुईणीला काय काम ठेवलं नाही मी."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खरा जन्मला पोळ्याच्या संध्याकाळी. बैल वेशीतून वाजतगाजत येत होते आणि आईला कळा सुरू झाल्या, हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की मलाच ते आठवतं असं वाटायचं. पण लष्करात भरती होताना शाळेचा दाखला लागला आणि दादा एक जूनचा झाला. त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. ते दिसलं पुढे, आणि फार लांब, परक्याच्या छावणीत दिसलं.

आमचं गाव राहुरीपासून बैलगाडीच्या टप्प्यात, मुळेच्या काठी. नगरकडच्या डोंगराआड रणगाड्यांचा सराव चालायचा. दिवस दिवस धडाधड आवाज यायचे आणि फडताळातली भांडी एकमेकांवर थरथरायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "चाललं बाई त्यांचं." आम्हाला त्या आवाजाचं काही वाटत नसे. दादा भरती झाला तेव्हाही गावाला अभिमान वाटला आणि आईला त्याच्या जेवणाची काळजी वाटली. लढाई नावाची गोष्ट खरोखर होते आणि त्यात आपलं माणूस असतं, हे कळायला एकाहत्तरचा डिसेंबर यावा लागला.

लढाई थोडक्यात आटोपली. आपण जिंकलो. राहुरीत पेढे वाटले, आमच्या चावडीपुढे फटाके वाजले. आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी तार आली की दादा बेपत्ता आहे. तार इंग्रजीत, मी मॅट्रिक पास असले तरी पहिल्या ओळीपुढे मला वाचवेना. गुरुजींना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि आईकडे न बघता वडिलांना सांगितलं.

त्याच सुमारास पल्याडच्या आळीत दुसरी तार आली होती. दादाच्या बरोबरीचा, तालमीत त्याच्याशी कुस्ती खेळणारा एक पोरगा लढाईत पडला होता. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. गाव आधी तिच्याकडे जायचं, मग आमच्याकडे. तिच्याकडे रडून यायचे, आमच्याकडे काय करावं ते त्यांना समजायचं नाही. एका भल्या गृहस्थाने तर वडिलांना सुचवलं की आता उगाच वाट न बघता टाक घडवायला टाका.

टाक म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे धुळवडीला वीर निघतात. ज्याच्या घराण्यात कुणी लढाईत पडलं असेल, त्याच्या देव्हाऱ्यात त्या वीराचा चांदीचा टाक असतो, तळहातात मावेल एवढा, घोड्यावर बसलेला. धुळवडीला तो तबकात ठेवून हलगी लावून नदीवर नेतात, आंघोळ घालतात आणि परत वाजत आणतात. आमच्याही देव्हाऱ्यात एक वीर आहे, कुठल्या लढाईतला ते कुणाला ठाऊक नाही. वडिलांना, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्या वीराचा फार मोठा अभिमान. वर्षभर तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण धुळवडीला तबक घेऊन चालला की मान ताठ.

टाकाची सूचना आईने दाराआडून ऐकली. ती बाहेर आली आणि त्या भल्या गृहस्थाला म्हणाली, "जित्या मानसाचा वीर काढत न्हाईत. च्या घेता का जाता?" तो चहा न घेता गेला.

मग महिन्या-दीड महिन्याने कळलं. कुठल्याशा परदेशी संस्थेमार्फत फिरत फिरत एक छापील कार्ड आलं. दादाची सही होती, खाली दोन ओळी. मी बरा आहे, काळजी नसावी, आईला नमस्कार. तो शत्रूच्या ताब्यात होता. युद्धकैदी.

मी ते कार्ड छातीशी धरून गल्लीभर नाचले असते, पण तात्यांचा चेहरा बघितला आणि जागच्या जागी उभी राहिले. ते उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "म्हंजे हात वर केले त्यानं."

आई म्हणाली, "जिता हाय."

"व्हय. जिता हाय," तात्या म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले.

गावात ही बातमी पोचली ती निम्मीच पोचली. 'युद्ध' वाटेत कुठेतरी गळालं आणि 'कैदी' तेवढा राहिला. आमच्या लोकांना कैदी म्हणजे एकच माहीत, नगरच्या नाहीतर येरवड्याच्या तुरुंगातला, पट्ट्यापट्ट्याचे कपडे घालून खडी फोडणारा. विहिरीवर एकीने मला कानाशी येऊन विचारलं, "काय केलं गं तुज्या भावानं? चोरी का खून?" मी तिच्यावर कळशी फेकली असती, पण विहिरीचं पाणी शेंदून भरलेलं होतं, वाया घालवायला जिवावर आलं.

त्याच दिवसांत मला बघायला येणार होते. संगमनेरकडचे लोक, चांगलं बागायती घर. त्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला की फोटोवरून मुलगी पसंतच होती, पण भाऊ कैदेत आहे असं समजलं. आईने मध्यस्थाला पाट दिला, पोहे दिले आणि सांगितलं, "त्यास्नी म्हनावं, माजा पोरगा कैदेत न्हाई, युद्धकैदेत हाय. ह्यातला फरक कळायला लागला की मग या. तवर पोरगी न्हाई द्यायची." मी आत पडद्याआड होते. खरं सांगते, मला त्या स्थळाचं काडीचं दुःख झालं नाही, आईचा मात्र असा अभिमान वाटला की आजही तो प्रसंग आठवला की पाठ ताठ होते.

पण फरक काय, हे तिला तरी कुठे नीट माहीत होतं? म्हणून ती पदर डोक्यावर घेऊन गुरुजींकडे गेली. मला बरोबर नेलं, ऐकून लक्षात ठेवायला. ती सरळ म्हणाली, "गुरुजी, धरलेल्या शिपायाला मारत्यात का? मला खरं सांगा."

गुरुजींना तेव्हा उत्तर देता आलं नाही. त्यांनी तसं कबूल केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पुढच्या रविवारी ते एसटीने नगरला गेले. तिथे त्यांचा मेहुणा वकिली करायचा. त्याच्याशी बसून सगळं समजून घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर येऊन एकेक गोष्ट सांगितली. जिनिव्हा नावाच्या गावात सगळ्या देशांनी मिळून करार केलेला आहे. आपण सही केली आहे, त्यांनीही केली आहे. ज्याच्या हातातलं हत्यार गेलं, जो शरण आला, तो गुन्हेगार नाही. त्याला शिक्षा म्हणून डांबलेलं नसतं, फक्त परत लढायला जाऊ नये म्हणून ठेवलेलं असतं. त्याला मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, जखमी असला तर औषध द्यायचं. लढाई संपली की घरी पाठवायचा.

"आणि," गुरुजी म्हणाले, "त्याची विटंबना करायची नाही. लोकांपुढे मिरवायचा नाही. हे त्या करारात स्पष्ट लिहिलंय."

आईने हे दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "अन् त्याला इचारत्यात काय काय?"

"चारच गोष्टी सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. बाकी त्याने तोंड उघडलं नाही तरी चालतं."

आई विचारात पडली. "जन्मतारीख? ती तर तुमी लावली व्हती."

गुरुजी हसले, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. आई म्हणाली, "ते पोरगं येडं खरं बोलनारं. पोळ्याला जन्मलो म्हनलं तर?" मी म्हटलं, "आई, त्यांच्याकडे पोळा नसतो." ती म्हणाली, "तेच म्हनते मी." त्या दिवसापासून ही एक नवीन काळजी तिच्या मागे लागली. डोंगराआड तोफ वाजली की आता ती 'चाललं त्यांचं' म्हणायची नाही. परातीतला हात थांबायचा, आणि आवाज विरेपर्यंत ती तशीच बसून राहायची.

अशात धुळवड आली.

त्या वर्षी गावाच्या अंगात जिंकण्याचं वारं होतं. पल्याडच्या आळीतल्या मावशीच्या पोराचा नवा टाक घडवून आणला होता, त्यामुळे मिरवणूक मोठी निघणार होती. तालमीतल्या पोरांनी ठरवलं की वीरांच्या मागे सोंगही काढायचं. सोंग कुणाचं, तर पकडलेल्या शत्रूच्या शिपायाचं. हिरवट रंगवलेले कपडे, तोंडाला काजळी, दोन्ही हात पाठीमागे कासऱ्याने बांधलेले, गाढवावर उलटा बसवायचा, गळ्यात पायताणांची माळ, आणि गावाने वाटेत एकेक मारत जायचं. सोंग घेणारा आमचा नेहमीचा सोंगाड्या होता, जत्रेत बायकांची कामं करणारा, चार पोरांचा बाप. माणूस हसवण्यात पटाईत, आणि सोंगाआधीच्या दारूच्या घोटाची त्याला बंदी नव्हती.

वीर पुढे गेले. तात्या तबक घेऊन त्यांच्यात होते. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांची मान खाली होती, मी ओट्यावरून बघितलं. हलगी पुढे सरकली आणि मागून गाढव आलं. लोक ओरडत होते, पोरं शेण-माती उडवत होती, सोंगाड्या डोळे फिरवून "रहम करो, रहम करो" म्हणत होता आणि बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. लाज वाटते पण सांगते, मलाही हसू फुटलं. सोंग उत्तम वठलं होतं.

आई ओट्यावरून खाली उतरली आणि गाढवाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

तालमीचा म्होरक्या त्या कासऱ्याचं दुसरं टोक धरून पुढे होता. दादाचा बालमित्रच. तो म्हणाला, "काकू, बाजूला व्हा, जनावर पाय दील."

"दोरी सोड त्याची."

"काकू, सोंग हाय."

"दिसतंय मला. दोरी सोड."

हलगीवाला पुढून वळून बघायला लागला आणि वाजवायचा थांबला. म्होरक्याला वाटलं काकूंना नीट कळलं नाही. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "अवो, हा दुश्मन हाय."

"व्हता," आई म्हणाली. "हातात बंदूक व्हती तवर. आता हात बांधल्यात न्हवं? धरल्याल्या मानसाला मारायचं न्हाई, अन् मिरवायचा बी न्हाई. कायदा हाय तसा."

"कुनाचा कायदा?"

"समद्या जगाचा. इचार गुरुजींना."

गुरुजी गर्दीत होते. ते पुढे आले आणि वर्गात सांगावं तसं शांतपणे त्यांनी सांगितलं की हो, तसा करार आहे, दोन्ही देशांनी मान्य केलेला आहे. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "अन् त्यांनी न्हाई पाळला मंग?" गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. त्या प्रश्नाला वकील मेहुण्याकडेही उत्तर नसावं.

आईला मात्र तो प्रश्न रोज पडत होता. ती म्हणाली, "न पाळला तर त्यांचं तोंड काळं. मला बी कळतंय, हितली दोरी सोडली म्हनून तिकडची सुटत न्हाई. मी काय खुळी न्हाई. पन माजा पोरगा तिकडं असाच कुनाच्या दारात बसला आसंल. त्याला मारू नका म्हनून मी देवाम्होरं हात जोडते रोज. हितं माज्या दारातनं हे असं गेलं, तर उद्या कुठल्या तोंडानं जोडू?"

सगळी सोंगं आणता येतात असं म्हणतात, पण त्या घटकेला सोंगाड्याला सोंग जमेना. तो गाढवावरून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वैनी, लई तहान लागलीय बरं का." दोघं-तिघं हसले.

तेवढ्यात म्होरक्या, पोरगा वाईट नव्हता, पण चारचौघांत अडवला गेल्याने चिडला होता, तो म्हणाला, "काकू, तुमचा जिता हाय म्हनून तुमी बोलताय. ज्यांचा गेला त्यांना इचारा."

हे बोलणं आईच्या वर्मी लागलं. सगळ्यांच्या माना वळल्या, कारण मावशी तिथेच होती. नव्या टाकाच्या मिरवणुकीबरोबर तिला नेण्यासाठी बायका आल्या होत्या आणि ती अर्ध्या वाटेत आमच्या भिंतीला टेकून बसली होती. तिने म्होरक्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर खेळलेला पोरगा तो.

ती म्हणाली, "माज्या पोराला कुनी धरलंच न्हाई रे. धरलं आसतं तर लई बरं झालं आसतं."

तिने हे रडून म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं म्हटलं. म्होरक्याच्या हातातला कासरा खाली पडला. त्याने तो उचलला नाही. आईनेच जाऊन सोंगाड्याच्या हाताची गाठ सोडली. कासरा नव्या सुंभाचा होता, गाठ करकचून बसली होती, तिला दात लावावे लागले. पायताणांची माळ गुरुजींनी काढली. मग आईने मला हाक मारली आणि मी आतून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणला, दारी आलेल्याला देतात तसा. सोंगाड्याने गूळ तोंडात टाकला, घटाघटा पाणी प्यायला आणि गाढवाला हाताने धरून चालत घरी गेला. आई मावशीशेजारी भिंतीला टेकून बसली.

तात्या नदीवरून परतले तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी टाक पुसून देव्हाऱ्यात ठेवला आणि जेवायला बसले. पुरणाची पोळी अर्धी टाकून उठले. आईला म्हणाले, "गावाम्होरं आनखी शोभा करून घेतली." आई म्हणाली, "घेतली." तिच्या आवाजात माघार नव्हती. आमच्या घरात त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं.

ते साल बहात्तर. पाऊस आलाच नाही. शेत तसंच पडलं, धरणाचं पाणी कालव्याला मोजून मापून सुटायचं, गावच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आईही गेली. खडी फोडताना बायका तिला चिडवायच्या, "पोरगा तिकडं कैदी, आई हिकडं." ती म्हणायची, "मला तरी सांच्याला घरी सोडत्यात." दादाची अधूनमधून कार्डं येत. दोन ओळींच्या पुढे कधी काही नसायचं. सगळे कैदी सुटणार अशा बातम्या रेडिओवर यायच्या आणि विरायच्या. पोळा कोरडाच गेला. बैलांना रंगवायला रंग नव्हता, तरी आईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणाऐवजी गुळाची भाकरी चारली. "माज्या लेकाचा वाढदिवस हाय," असं ती बैलांनाच सांगत होती.

हिवाळ्यात तो सुटला. आधी लष्कराच्या दवाखान्यात, चौकशीत काही दिवस गेले आणि संक्रांतीच्या तोंडावर तो राहुरीच्या स्टँडवर एसटीतून उतरला. हाडं आणि कातडं. मी पळत गेले आणि "दादा" अशी मोठ्याने हाक मारली, तर तो भलतीकडेच बघायला लागला. मला वाटलं गर्दीमुळे.

आईला दोन दिवसांत कळलं. तिने हाक मारली की तो उजवा कान पुढे करून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "डाव्या कानाला काय झालंय?"

तात्या तिथेच बसले होते. दादा आधी टाळत होता, मग बोलला. पकडल्यानंतर एका खोलीत एकेकाला बोलावून विचारत होते. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, नंबर सांगितला. जन्मतारीख विचारली, एक जून सांगितली. विचारणाऱ्याने मान वर करून बघितलं, कारण दादाच्या आधी गेलेल्या सातारच्या पोराने एक जूनच सांगितली होती. मग दादानंतर बीडचा गेला. तोही एक जूनच. तेव्हा त्या माणसाचं डोकं फिरलं. त्याला वाटलं ही हिंदुस्थानी पोरं आपली टर उडवतायत, नाहीतर हा काहीतरी संकेत आहे. त्याने तिघांना एका रांगेत उभं केलं आणि दादा कडेला होता म्हणून पहिली दादाच्या कानशिलात बसली. दुसरी त्याच जागी.

आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "मंग?"

"मंग त्यांचाच एक म्हातारा सुभेदार आत आला. काय गडबड हाय म्हनून इचारलं. त्यानं ऐकलं अन् मोठ्यानं हसाय लागला. त्या मारनाऱ्याचा हात धरून म्हनला, ओय, मेरी भी पहली जनवरी है. मास्टर ने लिखी है. मंग त्यानं मला इचारलं, असली कब की है?"

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, जिस दिन बैल सजाते हैं. त्यानं मान हालवली, अन् कागदावर एक जून लिव्हलं."

"पुन्यांदा मारलं?"

"न्हाई. त्यानंतर कुनी हात लावला न्हाई."

आईने सुस्कारा सोडला. ती रडायला लागली आणि रडतारडता तिने त्या मारणाऱ्याला शिव्या घातल्या, आणि त्या सुभेदाराला औक्ष मागितलं. मला राग अनावर झाला होता. करार, सह्या, सगळं असूनही माझ्या भावाचा कान गेला, हे मला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, "मग काय उपयोग त्या कायद्याचा?" आईने डोळे पुसले. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं हात धरला अन् तिसरी बसली न्हाई, हा उपेग." मला तेव्हा ते पुरलं नाही. खरं तर आजही पुरत नाही. अजूनही कुणा बांधलेल्या माणसाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरताना दिसला, कुणाच्याही देशातला असो, की मी आधी त्या दोरीच्या गाठीकडे बघते आणि पाठवणाऱ्याला फोन करून झापते. घरातले म्हणतात, म्हातारीला आता हेच काम. आहेच.

तात्यांनी आता विचारलं, वर्षभर जे विचारायचं होतं ते. "हात वर केलेस, तवा काय झालं व्हतं?"

दादाने सांगितलं की बरोबरच्याच्या पोटात गोळी लागली होती. गोळ्या संपल्या होत्या. साहेब म्हणाले, आता बास. "मी हात वर केले, तात्या. मंग लगेच खाली घेतले, त्याला उचलायला. त्यांनी गोळी घातली न्हाई. स्ट्रेचर त्यांनीच आनलं. जगला त्यो. सुटून घरी बी गेला."

तात्यांनी दादाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाला वाढताना बघितलं. मग ते गोठ्यात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

त्या वर्षीची धुळवड दुष्काळाची. पुरण नव्हतं, रंग नव्हता, नदीत वीरांना आंघोळ घालण्यापुरतं डबकं होतं. पण हलगी निघाली. तात्या तबक घेऊन सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्या शेजारी मावशी, तिच्या पोराचा टाक घेऊन. आमच्या दारापाशी येताना गर्दी आपोआप हळू झाली, आणि मागून सोंगाड्या आला. तेच हिरवट कपडे, तीच काजळी, हात पाठीमागे. पण गाढव नव्हतं आणि माळही नव्हती. तो पायी चालत आमच्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला. म्होरक्याने कासरा आईच्या पायापाशी टाकला.

दादा ओट्यावर माझ्या डाव्या बाजूला, मी त्याच्या चांगल्या कानाशी. सगळं गाव जमलेलं. गोष्ट एव्हाना घरोघर झाली होती.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाव सांग."

सोंगाड्याने भलतंच लांबलचक नाव सांगितलं.

"हुद्दा?"

"शिपाई."

"नंबर?"

त्याने विचार केला आणि आपल्या रेशनकार्डाचा नंबर सांगितला.

"जन्मतारीख?"

सोंगाड्याने टाच आपटली, छाती पुढे काढली आणि नदीपलीकडे ऐकू जाईल असा ओरडला. गाव खदाखदा हसलं. गुरुजी तर ओट्याच्या कडेला बसून डोळे पुसत होते, हसून की कशाने ते मला सांगता येणार नाही. हसण्याच्या कालव्यात दादाला काही ऐकू आलं नाही. त्याने उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हनला?"

मी त्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं, "एक जून."

दादा हसला नाही. तो त्या बांधलेल्या माणसाकडे बघत राहिला. हळूहळू लोकही हसायचे थांबले. आई गाठ सोडायला पुढे झाली, पण त्याआधी तात्या तबक मावशीच्या हाती देऊन गर्दीतून मागे आले होते.

"खरं सांगतोय गडी," ते गावाला म्हणाले. "सोडा त्याला." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची दोरी सोडली.